वत्सलाच्या कोंबड्या, माझा उन्हाळा

१८ एप्रिल
दुपारी चारला मोजल्या तर दहा. परत मोजल्या, दहाच. अकरावी न्हाणीमागे सापडली. पालथ्या घमेल्याला टेकून मान लांब करून पडली होती. घमेल्याला हात लावला तर चटका बसला. सावली समजून तिथे गेली असणार बिचारी.

एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. बसलेली, उभी, दारात लोंबकळणारी माणसं एका नजरेत मोजायचो. कोंबड्या मोजता येत नाहीत. एका जागी ठरतच नाहीत.

बायको, वत्सला, होळी झाली तशी लेकीच्या, प्रीतीच्या, बाळंतपणाला पुण्याला गेली. जाताना घर माझ्या हवाली केलं नाही, कोंबड्या केल्या. आज फोनवर सांगितलं, एक गेली. तिचा पहिला प्रश्न, "कोणती?" म्हटलं, तांबडी. "तांबड्या तीन हायेत." या घरात दहा वर्षं कोंबड्या आहेत आणि मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नाही, हे आज तिला कळलं. तसं ते तिला आधीही माहीत असेल.

२० एप्रिल
४४ म्हणे आज. बोरीच्या रस्त्यावर अकरानंतर कुत्रंही नाही.

व.ने सांगितलेलं सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलंय. पहाटे पाचला सोडायच्या. ज्वारी न् तांदळाची कनकी आठच्या आत. दुपारी दाणा नाही, पचवताना अंगात गरमी वाढते म्हणे. पाणी मातीच्या पसरट भांड्यातून, तीन ठिकाणी, सावलीत, तेही दर दोन तासांनी बदलायचं. दुपारी पातळ ताक, बारीक चिरलेला कांदा. मी स्वतः दुपारी शिळ्या पोळीवर भागवतो आणि यांच्यासाठी कांदा चिरत बसतो. घरात आलेल्या पाहुण्यांची एवढी सरबराई केली असती तर नाव निघालं असतं.

गुडघे बोलतात. बादली घेऊन सात वेळा अंगण ओलांडलं.

२३ एप्रिल
नळ आज पाचव्या दिवशी आला. आधी टाकी, मग माठ, मग कोंबड्यांचे दोन डबे. शेवटी आंघोळ, अर्धी.

तांड्यातल्या सुमनबाई दूध घालायला आल्या. व.ची मैत्रीण. खुराड्यापाशी उभं राहून म्हणाल्या, "भाऊ, पाहा ना, चोची उघड्या टाकून धापा टाकून राह्यल्या. पंख पाहा कसे अंगापासून दूर धरले. वरचं टिन तापते. त्याच्यावर पऱ्हाटी टाका जाड."

पऱ्हाटी शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर पडलेली होतीच. कापसाच्या वाळल्या काड्या, जळणाशिवाय त्यांचं कोणी काही करत नाही. दोन भारे आणून टिनावर अंथरले, वर पाणी मारलं. शर्ट फाटला, हाताला ओरखडे. पण दुपारी खुराड्यात हात घालून वर टिनाला लावला, हात ठेववत होता. बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहितानाही दमायला होतंय.

२६ एप्रिल
आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो.

व.शी बोलत होतो. बोलणं झालं, तिच्याकडून फोन बंद करायचा राहिला. मीही कापला नाही. प्रीतीचा आवाज आला, "आई, आता पावसाळ्यापर्यंत तरी थांब. माझी सुट्टी संपते. बाबांनाच बोलाव ना इकडे. तिकडे ठेवलंय काय?"

व. म्हणाली, "अन् कोंबड्या कोणाच्या भरवशावर?"

एवढंच. मग मी फोन कापला.

संध्याकाळभर तेच डोक्यात. घर नाही म्हणाली, गाव नाही, मी तर नाहीच नाही. तिला परत आणणारं काय आहे, तर दहा कोंबड्या. त्या गेल्या तर ती कशाला येईल? पुण्यात नातू आहे, चोवीस तास पाणी आहे, मुलगी हातात चहा देते. आणि मी तिकडे जाऊन काय करू? चौथ्या मजल्यावर बसून लिफ्टमधली माणसं मोजू?

राग आला. राग कोंबड्यांवर काढणार होतो, पण पाणी बदलायची वेळ झाली होती.

२९ एप्रिल
डोकं चालवलं. बारदान्याची पोती उसवली, भिजवली आणि खुराड्याच्या तीन बाजूंच्या जाळीवर टांगली. चौथी बाजू, दाराची, मोकळी. कुलरचं तत्त्व, दुसरं काय. झळ येते ती ओल्या पोत्यातून गार होऊन आत जाते. दुपारी दोन वाजता सगळ्या आत शांत बसलेल्या, चोची मिटलेल्या. आठ दिवसांनी आज तीन अंडी.

व.ला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "हे तुमी केलं?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "दार मोकळं ठेवजा मात्र." म्हटलं, हो गं बाई, एवढं समजतं मला.

बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी हसून बोलली.

४ मे
पुसदला व.च्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न. व. म्हणाली, आपल्या घरून कोणीतरी दिसलंच पाहिजे. मी सोडून घरात कोण आहे?

दोन दिवसांपासून एक पिवळं कुत्रं अंगणात घिरट्या घालतंय. म्हणून सकाळी निघताना कोंबड्या आत घातल्या, दार लावलं, आणि दारावरही एक पोतं टांगलं. चारही पोती चिंब केली. आभाळ भरून आलं होतं. म्हटलं, चला, आज ऊन नाही, आजची काळजी नाही. सातची गाडी धरली.

दिग्रसच्या पुढे दोन-चार थेंब पडले. मग नुसती उमस. लग्नात जेवताना घाम ताटात पडत होता. तरी डोक्यात आलं नाही.

साडेचारला परत. पोतं बाजूला केलं तर आतून वाफ आली तोंडावर, भाताच्या भांड्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी. चार गेल्या होत्या. तीन दाराला चिकटून, एक पाण्याच्या भांड्यात तोंड घालून. भांडं भरलेलं होतं. बाकीच्या सहा कशा वाचल्या माहीत नाही. बाहेर काढून कडुनिंबाखाली ओल्या मातीत ठेवल्या, चोचीला पाणी लावत बसलो. त्यांतला एकुलता कोंबडा सगळ्यांत उशिरा उठला.

सुमनबाई संध्याकाळी आल्या. पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, राती कुलर लावता त मांगची खिडकी उघडी ठेवता का नाही?"

"ठेवतो."

"मंग ह्यायले काहून कोंडलं?"

या जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल, खिडकी बंद ठेवून कुलर लावला की खोलीत उकडून निघतं. मी रोज रात्री न चुकता ती खिडकी उघडतो. स्वतःसाठी.

मागे खड्डा करून चुना टाकून पुरल्या. खणताना दोनदा बसलो.

५ मे
फोन. "लग्न कसं झालं?" सांगितलं. वांग्याची भाजी, मठ्ठा, नवरीचा भाऊ कसा नाचला, सगळं सांगितलं.

"अन् कोंबड्या?"

"मजेत."

दार मोकळं ठेवजा म्हणाली होती. पोत्यांबद्दल तेवढी एकच गोष्ट सांगितली होती.

७ मे
व. म्हणते, व्हिडिओ लावा, पाहू द्या मला. म्हटलं रेंज नाही. मग म्हटलं चार्जिंग नाही. कंडक्टर असताना बिनतिकिटाच्या माणसाचे बहाणे ऐकून हसायचो. तो निदान पुढच्या स्टॉपला उतरून जायचा.

सुमनबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माह्या घरच्या चार घेऊन या. तशाच रंगाच्या देतो. वहिनीले काय समजते?" मग स्वतःच हसल्या. "समजन बाप्पा. तिले आवाजावरून समजते."

मीही हसलो. हसू आलं याची नंतर लाज वाटली.

आता पोतं फक्त पश्चिमेला, तेही जाळीपासून हातभर लांब टांगलेलं. बाकी सगळं मोकळं. कुत्र्यासाठी मी स्वतः बाज टाकून बसतो, अकरा ते पाच, काठी घेऊन. कडुनिंबाखाली पाणी शिंपडलं की सहाही येतात, माती उकरून पोटाखाली ओल घेऊन पसरतात. आता ओळखू येतात. तुरेवाली, लंगडी, बोडक्या मानेची, दोन तांबड्यांतली भांडकुदळ कोणती तेही. कामाचं शिकायला मला नेहमीच उशीर होतो.

९ मे
सांगून टाकलं. सकाळीच, चहाच्या आधी. कसं झालं, दार का लावलं, पोतं, आभाळ, सगळं. चार दिवस खोटं बोललो हेही.

ती रडली नाही. "ढवळी गेली का?"

"हो."

"अन् कवडी?"

"तीही."

मग म्हणाली, "बरं. तुमचं जेवण होते का बरोबर?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ मे
काल फोन नाही, आज नाही. मीही केला नाही.

दुपारी लाइन गेली, तीन तास. घरात बसवत नाही, बाहेर उठवत नाही. बाजेवर पडून होतो, लंगडी येऊन बाजेखाली बसली. तिला वाटलं मी सावली आहे.

१२ मे
पावणेतीनला प्रीतीचा फोन. गोड बोलत होती, तेव्हाच समजलं काहीतरी ठरवलंय. "बाबा, उन्हात कशाला हाल करून घेता? उरलेल्या सुमनकाकूंना देऊन टाका आणि तुम्हीच या इकडे. आईलाही तेच बरं वाटतं."

म्हटलं, फोन आईला दे. व. आली तशी विचारलं,

"तू म्हटलं का असं?"

"मी काय म्हणू? पोरगी म्हणते." मग हळूच, "अन् आता सहाच त राह्यल्या."

छत्तीस वर्षांत तिच्याशी असं कधी बोललो नव्हतो. आजही ठरवून बोललो नाही, निघून गेलं तोंडातून. म्हटलं, "सहा हायेत. अन् मी बी हाय इथं. कोंबड्यायसाठी नको येऊ. मले करमत नाही तुह्याबिगर."

तिकडे नुसता पंख्याचा आवाज. तेवढ्यात बाळ रडायला लागलं.

"थांबा जरा," म्हणाली आणि फोन कुठेतरी ठेवला. कापला नाही.

बॅटरी संपत आली आहे म्हणून माझा फोन भिंतीशी चार्जिंगला, वायर हातभर. तो स्पीकरवर टाकून शेजारी हे लिहितोय. बाळ रडायचं थांबलंय. प्रीती काहीतरी विचारते आहे, व. उत्तर देते आहे, शब्द लागत नाहीत.

सव्वातीन. पाणी बदलायची वेळ टळून गेली. सहाही दारात येऊन उभ्या आहेत, चोची उघड्या. उठलो आणि नेमकी तेव्हाच ती बोलली तर?

माठातलं पाणी इथूनच तांब्याने उंबऱ्यावर ओतलं. तिथेच पिताहेत.

थांबा म्हणाली आहे. बसलो आहे.