श्पिरोचा नंबर आला की

५ सप्टेंबर २०२२
आजपासून कायद्याने दोन-दोन भाव लिहायचे. फळ्यावर लिहिलं: कॉफी १० कुना, १.३३ युरो. अक्षर छान आलं. जानेवारीत आपलं कुना हे चलन जाणार, युरो येणार, आणि गावातले सगळे कॅफेवाले हात धुऊन घेणार. मी नाही. व्हिंकाला तसं सांगितलं. बायको म्हणून तिला अभिमान वाटायला हवा होता. ती म्हणाली, आधी मशीनची गळती बघ.

३१ डिसेंबर, दुपार
कोपऱ्यातल्या टेबलासमोर शब्द दिला. तिथे वर्षानुवर्षं तिघे बसतात: कोळी बेपो, रिटायर पोस्टमन झ्वोन्को आणि श्पिरो. श्पिरो माझा कुम. माझ्या लग्नात शेजारी उभा होता, माझ्या मुलीचा धर्मपिता. आमच्याकडे भाऊ एकवेळ तोडतात, कुम तोडत नाहीत. रोज एकजण तिघांचे पैसे देतो, नंबर ठरलेला. स्वतःपुरते पैसे देणारा माणूस या गावात एकतर पर्यटक असतो, नाहीतर आजारी. श्पिरोच्या हातावर हात मारून सांगितलं, कॉफी एका सेंटनेही वाढणार नाही. बेपो म्हणाला, बोलाचाच भात, बोलाचीच कढी. कोळी लोकांना शब्दाची किंमत नसते.

२ जानेवारी २०२३
तीन कॉफी, ३.९९. श्पिरोचा नंबर. त्याने चार युरो दिले. गल्ल्यात एक सेंट नव्हता, म्हणून च्युइंग गम दिलं. कुनाच्या काळातही देत होतोच. तो म्हणाला, कुम, एक तर मला दात नाहीत. दुसरं, तीस कुनांचे ३.९८ होतात. एक सेंट तू खाल्लास.
पेन्शनवाल्यांना वेळ फार.

९ जानेवारी
गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी १.४०. ही भाववाढ नव्हे, सुट्ट्या पैशांचा तोडगा आहे. योगायोगाने नंबर श्पिरोचा होता.

१२ जानेवारी
सरकारी इन्स्पेक्टर बाई आल्या. डिसेंबरचा भाव विचारला. मी सोय म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. त्यांनी तंबी दिली आणि माझ्याच खडूने १.३३ लिहून घेतलं. मी आपणहून करणारच होतो.

२० फेब्रुवारी
१.५०. दूध वाढलं, वीज वाढली. युरोचा काही संबंध नाही. युरो आल्यावर फक्त एवढं कळलं की माझी कॉफी फारच स्वस्त होती. परत श्पिरोचा नंबर. तो म्हणाला, तू काय माझ्या नंबरावर टपून बसलेला असतोस? मी हसलो. तो हसला नाही.

१६ मार्च
१.८०. पुन्हा श्पिरोचाच नंबर निघाला. आता भाव वाढवायला मुहूर्त बघायचा का? झ्वोन्कोने खिशातून आपल्यापुरते पैसे काढले. मग बेपोने आपल्यापुरते. मग श्पिरोने. टेबलावर नाण्यांचे तीन वेगवेगळे ढीग. मला बघवेना. मशीन पुसत बसलो. गळती अजून आहे.

४ एप्रिल
तिघांत एक कॉफी, तीन ग्लास पाणी. पाण्याला पैसे लावावेत का, असा विचार केला. व्हिंकाने माझ्याकडे बघितलं. विचार सोडला.

२४ एप्रिल
कोपऱ्यातलं टेबल रिकामं. तिघे समोर धक्क्यावरच्या बाकावर, थर्मास घेऊन. म्हातारी हाडं, समुद्राचा वारा. आठवड्याभरात सर्दी होऊन परत येतील. आपण घाई करायची नाही.

१९ जून
हवा उत्तम. नेमकी यंदाच.
व्हिंका म्हणाली, कुम आहे तुझा, चार पावलं चाल. मी म्हणालो, पर्यटकांचा सीझन संपू दे. ती म्हणाली, सीझन आपल्याला कुठे सापडलाय अजून.

१० ऑगस्ट
२ युरो. एक इटालियन बाई फळ्याचा फोटो काढून गेली. मला वाटलं, अक्षर आवडलं. व्हिंका म्हणाली, तिच्या गावात कॉफी यापेक्षा स्वस्त आहे.
निश्चय: बाकाकडे बघायचं नाही. सकाळी नऊपर्यंत पाळला.
श्पिरोची आठवण येते. समोर बसलेला दिसतो, तरी येते.

२१ ऑक्टोबर
थकलो. ठरवलं, जुना भाव परत आणायचा. फळा नंतर पुसू, आधी त्यांच्याकडून आभाराचे दोन शब्द ऐकू. बाकाशी गेलो. छोटं भाषण तयार होतं. श्पिरो सरकला, थर्मासमधली कॉफी ओतून कप हातात दिला. घोट घेतला आणि भाषण घशातच राहिलं. ही माझ्या मशीनची कॉफी. तो किंचित जळका वास गावात दुसऱ्या कुणाच्या कॉफीला नाही.
श्पिरो म्हणाला, व्हिंका रोज सकाळी मागच्या दाराने भरून देते. एप्रिलपासून. १.३३ ने. तिने कधी भाव वाढवला नाही बाबा.
आज बेपोचा नंबर होता. मी पैसे काढायला लागलो तर बेपोने हातावर चापट मारली. श्पिरो म्हणाला, सोमवारी तुझा.
घरी व्हिंकाशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार
माझा नंबर. थर्मास घेऊन मागच्या दाराने गेलो. व्हिंका म्हणाली, मालकाला फळ्यावरचा भाव.
चार कॉफी, आठ युरो. दिले.