शीलाच्या नावानं आलेलं रेल्वेचं पत्र

मी, श्रीमती हंसाबाई भावसिंग आडे, वय ६८ वर्षे, रेल्वेच्या रूळदुरुस्ती टोळीची सेवानिवृत्त मुकादम, राहणार नाईक तांडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकात नसताना लिहून ठेवते की, माझ्या मागे पुढीलप्रमाणे वाटणी व्हावी. वकीलसाहेबांनी सुरुवातीला "जीवन क्षणभंगुर आहे" असे टाइप केले होते, ते मी खोडायला लावले. जवळजवळ तीस वर्षे मालगाड्यांच्या लाइनवर काढली, मले कायले शिकवता?

१. आधी नोकरीचे, कारण सगळे तेच विचारतात. माझी नोकरी कोणालाही मिळणार नाही. ती मुळात माझ्या मालकांची. भावसिंग रोज रूळ चालून रूळ जखडणाऱ्या ढिल्या चाव्या ठोकत. १९८८ च्या मे महिन्यात ऊन लागून रुळावरच गेले. अनुकंपेवर घरातल्या एकाला घेणार होते. दीर भीमसिंग म्हणाले, "वहिनी, हे बाईचं काम नोहे. मले देऊन टाका." मी दिली नाही. साहेबाने माझ्याकडून एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलून घेतली, "उद्यापासून या" म्हणाला, झाली भरती. भीमसिंग तेव्हापासून रुसून आहेत. त्यांना माझी मुकादमकीची शिट्टी द्यावी. त्यांनी ती पोटभर वाजवावी आणि मोकळे व्हावे.

२. तीन एकर शेत मुलगा बबलू याला. बबलूने रेल्वेची परीक्षा चारदा दिली, कॉम्प्युटरपुढे बसून. सब्बल कोणी उचलायला लावलीच नाही. आता तो नव्या लाइनच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे आणि माणसे ऐकत नाहीत म्हणून रडतो. बबलू, ऐक. मी मुकादम झाले त्या दिवशी बारा गडी खाली बसून राहिले. रूळ उचलताना एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी ओ देऊन जोर लावायचा, ही रीत. बाईच्या हाळीला कोणी ओ देईना. मग मी आपल्या तांड्यात लग्नात नवरदेवाला घालतात ती शिवी, सगळ्यात थोराड नेमसिंगच्या नावाने, हाळीच्या चालीवर घातली. अकरा जण हसत सुटले, ओ दिली आणि रूळ उचलला. सर्वांत आधी मीच वाकले होते, हेही लक्षात ठेव. खुर्चीत बसून "काहून होत नाही?" असे ओरडल्याने रुळाखालचा एक स्लीपर हलत नाही.

३. बँकेतली ठेव सून संगीता हिला. बबलूला नाही. कारण त्याला माहीत आहे.

४. पेटीत एक मोठा पाना आहे, तो रेल्वेचा. चुकून राहिला. आठ वर्षे चुकून राहिला आहे. माघारी पोचवावा आणि पोचवणाऱ्याने लगेच निघून यावे.

५. तांड्यातले सिमेंटचे घर लेक शीला हिला. आता जे लिहिते ते वकीलसाहेब, जसेच्या तसे टाइप करा.

२००९ साली शीलाने डिप्लोमा केला आणि इंजिन चालवायची, म्हणजे सहायक लोको पायलटची, परीक्षा दिली. लेखी पास झाली. पुढचीही झाली. मेडिकलला बोलावल्याचे पत्र टपालाने आले, ते मी घेतले आणि पेटीत घातले. पोरीने दोन महिने पोस्टमनची वाट पाहिली. मग नापास झाले समजून लग्नाला हो म्हणाली. मी रुळावर कटलेली माणसे गोळा केली आहेत. इंजिनात बाईला लघवीला जागा नसते हे मी ड्रायव्हरांकडून ऐकले होते. म्हणून भ्याले. बारा गड्यांना हुकूम देणारी मी, पोटच्या पोरीपुढे धड लाइनवर लाल झेंडी धरून उभी राहिले. चूक माझी आहे. ते पत्र मी मेल्यावर शीलाला द्यावे.

(इथे काम आठ दिवस थांबले. धर्मपाल, माझ्या टोळीतले रूळ तपासणारे कीमन, साक्षीदाराच्या सहीसाठी आले होते. त्यांनी हे कलम वाचले आणि पेन खाली ठेवला. "मुकादमबाई, मी सही नाही करत. तुटका रूळ दिसला, तर गाडी जाऊ देऊन मंग सांगता का? आधी पोरीले बोलवा.")

६. म्हणून शीलाला बोलावले. ती लोहाऱ्याला ट्रकच्या ऑफिसात असते. सोळा ट्रक कुठे, कधी निघायचे ते तीच ठरवते आणि नवा डायवर तिने पारखल्याशिवाय घेत नाहीत. पत्र तिच्या हातात दिले. तिने उभ्याउभ्या दोनदा वाचले. आम्ही आईला याडी म्हणतो.

"याडी, बावीस तारखेला मेडिकल होतं. मी कुठं होती त्या दिवशी?"

"पांढरकवड्याला. लग्नाच्या साड्या घ्यायला गेलतो आपण."

"सोळा वर्षं मले वाटून राह्यलं का मी कमी पडली. पोरगी गणितात चुकली तरी वाटे, माझ्यावरच गेली."

मला रडू आले. तिने पाणी दिले नाही. बरोबर केले. संध्याकाळी स्वतःच म्हणाली, "घर नको मले. मी साक्षीदार होईन."

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. घरावर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं. पाचव्या कलमाखाली माझी सही पाह्यजे."

सबब कलम ५ मधले घर शीलाला न देता तिची मुलगी नयन हिला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत त्यात कोणी राहायचे ते शीला ठरवील. पत्र शीलाला पोचले आहे. बाकी मजकूर कायम.

येणेप्रमाणे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली. अंगठा नाही, सही.

हंसाबाई भावसिंग आडे
ठिकाण : पांढरकवडा
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १ : धर्मपाल बापूजी खोब्रागडे. आता सही करतो.

साक्षीदार २ : शीला. आईने माझ्यासमोर सही केली. कलम ५ मी स्वतः वाचले. मी पास झाले होते.