चार कॅमेरे आणि तुझा आवाज

प्रिय स्नेहल,

जय भीम. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. दुकानात दुरुस्तीला पाण्याच्या मोटारी एवढ्या आल्यात की मला बसायला जागा न्हाई. मोटार चालू केली की नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का कॉइल जळाली हे मी सांगतो. त्या कानांवरच खटकचिंचोळीत हे घर उभं राहिलं.

परवा इंटरनेटवाला सिद्धप्पा वायफायचा नवा डबा बसवून गेला. जुना डबा लोखंडी कपाटामागं बघून म्हणाला, अण्णा, दिवा कुणी पेटीत ठेवतं का? मी विचारलं, शंभरच्या स्पीडचा प्लॅन असून अडकतं कामून? तर म्हणाला, शंभर हे घरात येणारं, डाउनलोड. बाहेर जाणारं, अपलोड, ते दहाच. पिक्चर बघायला येणारं लागतं. आपला चेहरा, आपलं बोलणं पलीकडं पोचायला जाणारं लागतं. अन् तुमच्या दुकानाचे चार कॅमेरे तेच खात बसलेत.

मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली. खरं तर दोन वर्षांपूर्वी, तुझ्या हैदराबादच्या कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या दिवशी, त्यानं हेच सांगितलं होतं. उद्या तासभर कॅमेरे बंद ठेवा, म्हणाला होता.

त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत होतो. आवाज येतोय का सर, असं तू तीनदा विचारलंस. कॅमेऱ्यांचं बटण माझ्या हाताशी होतं. मी उठलो न्हाई. नोकरी लागली तर पोरगी जाईल, घर ओस पडेल, एवढंच डोक्यात. तू रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आलीस, तर वर मीच म्हणालो, इंग्रजी कच्चं पडलं असेल, जाऊ दे. तेच तू धरून बसलीस. उदगीरला शिकवण्या घ्यायला गेलीस. घर ओस पडायचं ते पडलंच.

आई सांगत होती, त्याच लोकांनी मंगळवारी पुन्हा बोलावलंय अन् तू नको म्हणायलीस, मला बोलता येत न्हाई म्हणून. म्हणून हे पत्र; फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. पोरी, तुझं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. भिंतीआडून मी मात्र सगळं ऐकलं. इंग्रजी मला कळत न्हाई, पण चालतं काय अन् अडखळतं काय, हे कळतं. तू कुठंच अडखळली नव्हतीस. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, पण मंगळवारी मुलाखतीला बस.

तुझाच,
अप्पा