कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

आई,

नचिकेतच्या लग्नाचं बोलायला मंडळी येण्याआधी मी नोएडाला इशिताकडे जातेय. मी पुण्याला नोकरी करते असं तू त्यांना सांगून बसलीयस, मग घरात कशी दिसू?

कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी बाबांना देऊ नकोस. माझ्या बायपोलरच्या गोळ्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून तूच सकाळी त्यात ओतल्यास, आणि आता विसरशील. बाबांची शुगर मात्र तू बिनसाखरेचा चहा पुढे करत सगळ्यांना कौतुकाने सांगशील.

चिवडा केलाय, ओट्यावर आहे. नचिकेतने केला म्हण.

आजची गोळी घेतलीय आणि तरीही चिडलेय, तेव्हा डॉक्टरांना फोन करू नकोस.

संपदा