आमच्या घरातली दूषित बाजू

रविवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. पण उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर सगळं तारीखवार हाताशी असावं.

फ्लाइंग क्लबने जुना सिम्युलेटर घेतलाय, म्हणजे जमिनीवर बसून विमान चालवायचं खोटं कॉकपिट. खुर्ची ठीक, स्क्रीन ठीक. पण त्याचा कंट्रोलर (दांडा, इंजिनाचा जोर वाढवायचा थ्रॉटल आणि पायाखालची पेडल्स) नव्या कॉम्प्युटरशी एक अक्षर बोलत नाही. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. सेक्रेटरी म्हणाले, जो कुणी प्रोग्राम लिहून हे चालू करील त्याला क्लबच्या खऱ्या विमानात पायलटशेजारची सीट. एक फेरी. मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही. माझी धास्ती घेतली असणार.

मला पायलट व्हायचं होतं. चष्मा आडवा आला. हे मी कुणाला सांगत नाही. बायकोच्या मते मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

मुदत महिनाअखेरची. मला एक आठवडा रग्गड.

सोमवार, ४ मार्च
कंट्रोलर घरी आणला. बेडरूममधल्या टेबलावर मांडला. कंपनीचा जुना प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढवताना लायसन्स आलं. पानंच्या पानं. न वाचता ‘मान्य’ दाबलं.

नंतर वाचलं. मी विमा कंपनीत क्लेम नाकारण्याच्या विभागात आहे. लोक न वाचता सह्या करतात यावरच आमची पोटं भरतात. कलम चौदा: रिव्हर्स इंजिनिअरिंग करू नये. म्हणजे पेटी चाचपून आत काय दडलंय ते ओळखायचं नाही. अडचण आहे. पण ‘मान्य’ माझ्या बोटाने दाबलं, मनाने नाही. मुद्दा कोर्टात टिकेल.

बुधवार, ६ मार्च
कंपनीचा प्रोग्राम उसवून आत पाहिला. आकडेच आकडे. संध्याकाळभर पाहिलं. डोळ्यांतून पाणी. बायकोने विचारलं, काही कळतंय का? म्हटलं, रचना हळूहळू लक्षात येतेय.

शुक्रवार, ८ मार्च
अजून हळूहळूच.

शनिवार, ९ मार्च
मेहुणा जेवायला. वकील आहे, पण भावाभावांच्या वाटण्यांचा. तरी विचारलं. म्हणाला, दोन यंत्रांचं जुळावं म्हणून तारेतून काय येतं ते बघणं बऱ्याच ठिकाणी चालतं. कंपनीचा प्रोग्राम उसवून त्यातलं उचलणं चालत नाही. तू उसवून पाहिलंस का? पाहिलं. मग काही कळलं का?

बायको भात वाढता वाढता थांबली होती. मी म्हटलं, सगळं कळलं.

मेहुणा म्हणाला, मग संपलं. आता तू लिहिलेली प्रत्येक ओळ चोरीची ठरेल. तू दूषित झालास. यावर तोड अशी, की एकाने कंट्रोलर काय करतो एवढंच साध्या भाषेत लिहून द्यायचं आणि ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही अशा दुसऱ्याने त्या कागदावरून प्रोग्राम लिहायचा.

दूषित. शब्द वजनदार आहे. उगाच कुणाला म्हणत नाहीत.

रविवार, १० मार्च
दुसरा माणूस म्हणजे बायको. ती दवाखान्यांसाठी बिलांचे प्रोग्राम लिहिते. बेरजा-वजाबाक्याच त्या, विमानाची गोष्ट वेगळी. पण ऐन वेळी कुठून आणणार?

घराची वाटणी केली. बेडरूम, दूषित बाजू: मी. हॉल आणि स्वयंपाकघर, स्वच्छ बाजू: ती. तोंडी एक शब्द नाही, सगळं लेखी, दाराखालून. तिने विचारलं, फक्त कंट्रोलरबद्दल की सगळंच? म्हटलं, धोका नको, सगळंच. ती लगेच हो म्हणाली. कायद्याचं गांभीर्य तिला इतक्या पटकन पटेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १२ मार्च
कपाट दूषित बाजूला राहिलं, ही नियोजनातली किरकोळ चूक. सकाळी दाराखालून चिठ्ठी: निळा ड्रेस द्यावा. दार किलकिलं करून दिला. पाच मिनिटांत दुसरी चिठ्ठी: “मागितला निळा. मिळाला हिरवा.” पुन्हा दिला. “तोच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा हिरवाच.” तिसरी चिठ्ठी वाचवली नाही.

हॉलमधून हसण्याचे आवाज येतात. ती फोनवर बहिणीशी बोलते. टीव्हीही तिकडेच.

गुरुवार, १४ मार्च
खरं काम सुरू. तारेतून एकामागून एक आकड्यांचे जथे येतात, एका वेळी आठ. दांडा डावीकडे नेला की पहिला आकडा घटतो, उजवीकडे नेला की वाढतो. हे मी प्रस्तावना आणि ऋणनिर्देशासह चार पानांत मांडलं. उत्तर आलं: “पहिलं वाक्य पुरे.”

थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला की शून्य, पूर्ण मागे ओढला की दोनशे पंचावन्न. साफ उलटं! लिहून कळवलं की कंपनीने जाणूनबुजून दिशाभूल केली असून इथून पुढे पावलोपावली सापळे असतील. उत्तर: “२५५ मधून वजा करते. पुढे?”

तिला धोक्याची कल्पना नाही. बिलांत सापळे नसतात.

शनिवार, १६ मार्च
सापडला सापळा! पाचवा आकडा. मी कशालाही हात लावलेला नाही आणि तो सारखा थरथरतोय. ही सांकेतिक भाषा आहे. दुपारपर्यंत तीन सिद्धांत मांडले. तिसऱ्यात चंद्राच्या कला येतात.

दाराखालून प्रश्न: “पाय पेडलवर आहे का?”

प्रश्न विषयाला सोडून आहे असं कळवलं. मग पाय काढून पाहिला, केवळ तिचं समाधान म्हणून. आकडा थांबला. मला विचार करताना पाय हलवायची सवय आहे.

कळवलं: “सांकेतिक भाषा फोडली.”

बुधवार, २० मार्च
प्रोग्राम तयार आहे म्हणे. मी पाहिला नाही, पाहायचा नाही. मेहुण्याने क्लबसाठी निवेदनाचा मसुदा पाठवला: “मी या प्रोग्रामची एकही ओळ लिहिलेली नाही.” मिळमिळीत वाटलं. क्लेम विभागात माझी हयात गेली, फट कुठे राहते ते मला कळतं. सुधारून लिहिलं: “मी एकही ओळ लिहिलेली, सुचवलेली वा पाहिलेली नाही. या कामात माझं कोणत्याही स्वरूपाचं योगदान नाही.” सही ठोकली. आता कोणाची बिशाद!

शनिवार, २३ मार्च
चालला! क्लबात सगळ्यांसमोर. दांडा ओढला आणि स्क्रीनवरचं क्षितिज खाली गेलं. सेक्रेटरी टाळ्या वाजवत होते. खूप खूप आनंद झाला. घरी येताना उगाच आकाशाकडे बघत होतो, एका खांबावर आपटलो.

गुरुवार, २८ मार्च
सेक्रेटरींचा फोन. समितीने कागद वाचले. सीट प्रोग्राम लिहिणाऱ्याला, असं ठरलं होतं ना, मग ती मॅडमची. मी म्हटलं, अहो पण सगळे आकडे मी काढले, चार चार पानं लिहिली. ते म्हणाले, साहेब, तुमचंच निवेदन आहे, कोणत्याही स्वरूपाचं योगदान नाही.

मेहुण्याला फोन केला. म्हणाला, निवेदन बदलता येईल. आकडे मी टिपले असं लिही, म्हणजे काम तुझंही ठरेल. पण मग कंपनीच्या प्रोग्राममधलं काही त्यात उतरलं का, हा प्रश्न येणार. तेव्हा हेही लिहावं लागेल, की मी तो उसवून पाहिला आणि मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. खरंच कळलं नसेल तर लिही, सीट तुझी.

कोरा कागद घेऊन बसलो. “मी पाहिलं आणि मला” इथवर लिहिलं. बायको चहा ठेवून गेली.

शुक्रवार, २९ मार्च
कागद फाडला. माणसाची काही एक प्रतिष्ठा असते.

रविवार, ३१ मार्च
सकाळी क्लबच्या मैदानावर. विमान छोटं, पांढरं, मला वाटलं होतं त्याहून सुंदर. पायलटने दार उघडून धरलं होतं. बायको दोन पावलं गेली आणि परत आली. म्हणाली, तू जा. जन्मभराची हौस तुझी आहे, मला काय त्याचं? मी यांच्याशी बोलते.

मी म्हटलं, छे छे, असं कसं, नियम म्हणजे नियम, तू जा.

ती बरं म्हणाली आणि जाऊन बसली.

विमान वर गेलं. मी तिची पर्स धरून खाली उभा. चहालासुद्धा लोक दोनदा विचारतात.