अजून थोडा पडू दे

५ जानेवारी, रविवार

नवं वर्ष आजपासून धरतो. आधीचे चार दिवस सारिकाच्या लग्नाचा थकवा काढण्यात गेले. लग्न नीट पार पडलं. व्याही फैजपूरचे, ज्ञानेश्वर आबा, केळीवाले. माणूस साधा. व्यवहार फारसा कळत नसावा, कारण मानपानात कुठेच अडून बसले नाहीत.

या वर्षीचा संकल्प एकच. स्वतःचं घर. लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेरी होते, ती या वेळी भाड्याच्या घरात करायची नाही. पाठवणीला सारिका फार रडत होती तेव्हा मी तिला म्हणून गेलो, "आखाजीला येशील ती आपल्या स्वतःच्या घरात येशील, झोका बांधून ठेवतो." मांडवात बऱ्याच जणांनी ऐकलं. आमच्या सौ. हेमलतानेही ऐकलं, ही खरी अडचण.

घाई मात्र करायची नाही. जळगावात फ्लॅटचे भाव पडताहेत. बांधून ठेवलेत ढीगभर, घेणारं कोणी नाही. अशा वेळी जो थांबतो तो जिंकतो. पाइप कंपनीच्या पर्चेसमध्ये हयात गेली माझी. पॅकिंगच्या खोक्यापासून ट्रकच्या भाड्यापर्यंत सगळ्यांना खाली आणलंय. बिल्डर काय चीज आहे.

१२ जानेवारी, रविवार

पिंप्राळ्याच्या पुढे 'सूर्यतनया हाईट्स' पाहिली. तिसरा मजला, पूर्वेला बाल्कनी, मागे हरभऱ्याचं शेत. वारा चांगला. मी चेहरा कोरा ठेवला.

हेमलता स्वयंपाकघरात शिरली ती बाहेरच येईना. आवडलंय असं दाखवू नकोस म्हणून डोळ्यांनी खुणावलं. तिने सेल्सवाल्या जगदीशला विचारलं, देवघर इथे बसेल ना? एका वाक्यात माझे दोन लाख घालवले.

जगदीशने बेचाळीस सांगितले. मी हसलो. त्याचा चहा घेतला नाही. समोरच्याचा चहा प्यायला की आपली जीभ नरम पडते, हा माझा पर्चेसमधला नियम. हेमलताने घेतला. साखर बरोबर होती असंही म्हणाली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सारिकाचा फोन. घराचं काय झालं विचारत होती. प्रोसेस चालू आहे म्हणालो. म्हणजे काय, असं तिने विचारलं. तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला. (आला नव्हता.)

२६ जानेवारी, रविवार

एकोणचाळीस! जगदीशने स्वतःहून फोन केला. दोन आठवडे नुसतं गप्प बसून तीन लाख कमावले. हेमलताला हिशेब समजावून सांगितला. ती म्हणाली, मग घेऊया. तिला अजून पॅटर्न कळलेला नाही. जो तीन सोडतो तो आणखी पाच सोडतो. माझा आकडा चौतीस. चौतीसला डोळे मिटून सही.

बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलंय. मॅनेजर म्हणाले, लवकर ठरवा. त्यांचंही टार्गेट असतं, मी समजू शकतो.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

खालून घरमालक बन्सीलालशेठ वर आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा चपला बाहेर काढून बसले, तेव्हाच मला शंका आली. त्यांचा मुलगा पुण्याहून बायकोमुलांसह परत येतोय, त्याला हे घर लागणार. मार्चअखेर रिकामं करा, फार वाईट वाटतं म्हणाले. वाटत असावं. चहा दोनदा प्यायले.

हेमलता म्हणाली, दुसरं भाड्याचं तरी बघा. बघणार नाही. ज्याला महिन्या-दोन महिन्यांत स्वतःचं घर घ्यायचंय, तो नवं डिपॉझिट कशाला भरेल? उलट या नोटिशीचा मला फायदा आहे. माणूस दबावाखाली चांगले निर्णय घेतो. आपण नाही, जगदीश.

(दबाव त्याच्यावर नेमका कसा येईल ते बघायचंय.)

२३ फेब्रुवारी, रविवार

सलग चौथ्या रविवारी साईटवर. वॉचमन मला इंजिनिअर समजतो, सलाम ठोकतो. आतापर्यंत काढलेले दोष: बेसिनचा नळ गळतो, बाथरूमचा उतार उलटा, हॉलमधली एक फरशी पोकळ वाजते, बाल्कनीचा कठडा हलतो. जगदीशने सगळं दुरुस्त करून घेतलं आणि वर भाव छत्तीसवर आणला. आज मी ग्रिलचा रंग काढला. म्हणजे रंगातला दोष.

चाळीसगावचं एक जोडपं हाच फ्लॅट बघायला आलं होतं. नवरा घ्यायच्या बेतात दिसला. त्याला बाजूला घेऊन अर्धा तास बाजार समजावला. इतका व्यवस्थित समजावला की ते दोघं वरचा मजला न बघताच निघून गेले. जगदीशने मला हात जोडले. म्हणाला, काका, तुम्ही तरी घ्या किंवा दुसऱ्याला तरी घेऊ द्या.

 घरी आल्यावर हेमलता पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुम्हाला घर नकोच आहे. स्वस्तात मिळालं, हे चारचौघांत सांगायला हवंय."

बायका भावनेच्या भरात बोलतात. चौतीस.

९ मार्च, रविवार

आज आंघोळ करताना सुचलं. पर्चेसमध्ये मोठ्या सौद्याच्या शेवटच्या बैठकीला मी एक तिऱ्हाईत माणूस घेऊन जातो. त्याने काही बोलायचं नाही, नुसतं बसून मान हलवायची. समोरचा घाबरतो.

इथे तो माणूस म्हणजे ज्ञानेश्वर आबा! पांढरी टोपी, बोटात अंगठी, हातात किल्ल्यांचा जुडगा. जगदीशला वाटेल खरी पार्टी आली. फोन केला, म्हटलं आबा, रविवारी या, जळगावचं मार्केट कसं कोसळलंय ते दाखवतो. आबा म्हणाले येतो, तेवढीच सोयरीकही घट्ट होते. बिचारे. लगेच हो म्हणाले.

हेमलताला प्लॅन सांगितला. तिने विचारलं, त्यांना खरं काय ते सांगितलंय का? सांगितलं तर ते अभिनय करू शकणार नाहीत.

१६ मार्च, रविवार

आबा आले. जगदीशने चहा पुढे केला, आबांनी घेतला. मी खुणा करत होतो. दुसराही घेतला. मग जगदीशचं गाव कोणतं, सावद्याचे मामा कोणते, असं निघालं. मामा आबांच्या ओळखीचे निघाले. मान हलवायची राहूनच गेली.

मी मात्र माझं काम केलं. आबांना सगळा बाजार उलगडून दाखवला. दोन वर्षं अजून पडणार, आत्ता घेणारा फसला, वगैरे. आबा ऐकत होते. मध्येच त्यांनी नळ सोडून बघितला, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, पाणी बरोबर जाळीकडे गेलं. कठडा हलवून बघितला, हलला नाही. फरशी कुठेच पोकळ वाजली नाही. दुरुस्त्या माझ्याच, हे मी बोललो नाही. बाल्कनीत ते बराच वेळ उभे राहिले. पोरीची आखाजी कुठं करणार, असं त्यांनी हेमलताला विचारलं. ती स्वयंपाकघरात शिरली.

जिन्यात आबा थांबले. म्हणाले, "भाऊ, तुमाले घ्यायचं असीन तं सांगा. मंग मी मधी पडत नही."

आता व्याह्यासमोर काय बोलणार? पोरीच्या सासऱ्याला कसं सांगायचं की घ्यायचं आहे, पण दोन लाख जास्त वाटताहेत? तिथे सारिकाच्या बापाची किंमत काय राहील? मी मोठ्याने हसलो. "छे छे आबा, या भावात कोण घेतंय!"

आबांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हसलो, जरा जास्त मोठ्याने. हेमलता माझ्याकडे बघत होती. असं तिने पूर्वी कधी बघितल्याचं आठवत नाही.

१७ मार्च, सोमवार. दुपारी

ऑफिसात जगदीशचा फोन. आबांनी टोकन दिलं. पस्तीस.

हा भाव माझा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. बेचाळीसवरून पस्तीसवर मी आणला. म्हणजे पद्धत शंभर टक्के बरोबर ठरली, फक्त लाभार्थी बदलला.

रात्री हेमलता जेवली नाही. मीही फारसा जेवलो नाही, पण ते वांग्याची भाजी तिखट होती म्हणून.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी खोक्यांच्या मधोमध उभारली. खाली बन्सीलालशेठच्या मुलाचा टेम्पो येऊन उभा. भाड्याचं घर मिळालं नाही. दोन बघितली, एकात पाणी नव्हतं, एकात मालक होता.

मग आबांचा फोन. खरेदीखत होऊन फ्लॅट बंद पडून राहिलाय, घर बंद ठेवलं की खराब होतं, तुम्ही दोघं राहा, घरात दिवा लागेल, असं म्हणाले. त्यांची अडचण माझ्या लगेच ध्यानात आली. पैसा अडकून पडलाय, लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस नाही. मी होकार दिला. नात्यात एवढं करावं लागतं.

भाडं घ्याच म्हणालो. नाही म्हणाले. शेवटी सोसायटीचा मेंटेनन्स मी भरायचा असं ठरलं. इंग्रजीत याला प्रॉपर्टी मॅनेजमेंट म्हणतात. मोठ्या शहरांत त्याचे पैसे मिळतात.

हेमलता फोननंतर तोंडाला पदर लावून बसली होती. आनंदाने असेल.

१३ एप्रिल, रविवार

स्थिरस्थावर. देवघर हेमलताने जानेवारीत दाखवलेल्या जागीच बसवलं.

आणि आज कळलं की बिल्डरने समोरच्या फ्लॅटचा भाव साडेतेहतीस केला! मी म्हणत नव्हतो? धीर द्यावा म्हणून ताबडतोब आबांना फोन लावला. म्हटलं आबा, वाईट वाटून घेऊ नका, पण महिन्याभरात दीड लाख गेले तुमचे. आबा म्हणाले, "मले कुठी इकायचं हाये?" पडत्या बाजाराची कल्पनाच नाही माणसाला.

संध्याकाळी जगदीश आला. काका, हा समोरचा तुम्ही घ्या, तुमच्या आकड्याच्याही खाली आहे, म्हणाला. हेमलता दारातच उभी होती.  मी म्हटलं, बत्तीसला बघू. जगदीश खिन्नपणे हसला. हेमलता आत गेली आणि भांडी घासायला बसली. ती सकाळीच घासून झाली होती.

१९ एप्रिल, शनिवार

समोरचा फ्लॅट गेला. धुळ्याच्या कमलबाई म्हणून आहेत, त्यांच्या मुलाने घेतला. साडेतेहतीसला. घासाघीस न करता! असे लोक बाजार बिघडवतात.

२६ एप्रिल, शनिवार

पारा चव्वेचाळीसवर. मुराळी म्हणून सारिकाला आणायला फैजपूरला गेलो. विहीणबाई वच्छलाबाईंनी पोटभर जेवू घातलं, निघताना केळ्यांचा घड दिला आणि म्हणाल्या, तिथं काही कमी पडलं तर कळवा, घर आपलंच आहे. चांगल्या मनाने म्हणाल्या. मला पाणी प्यावंसं वाटलं.

बसमध्ये सारिका खिडकीशी बसली. घराबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. मी दोनदा विषय काढला, व्याजदर, पुढचं वर्ष, एकदम मोठाच घेऊ. ती हो बाबा, हो बाबा म्हणत होती. मग डोकं खांद्यावर ठेवून झोपली. लहानपणी झोपायची तसंच.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. पहाटे घागर भरली, पितरांना नैवेद्य दाखवला. हेमलता खापरावर पुरणपोळ्या करत होती, माझ्याकडे आमरस. जावई संध्याकाळी येणार. बाल्कनीत झोका मी स्वतः बांधला. बिल्डिंगमधल्या चार-पाच जणी जमल्या, गाणी झाली. सारिका उंच झोका घेत होती. लग्नानंतर इतकी हसताना पहिल्यांदाच दिसली. मला फार बरं वाटलं.

मग समोर राहायला आलेल्या कमलबाईंनी झोका धरून तिला विचारलं, "पोरी, हाई तुनं माहेर शे का सासर?"

"माहेर आहे, मावशी."

"दारवर नाव ते तुना सासरानं शे."

मी स्वयंपाकघरात, हात कोपरापर्यंत रसात. सारिका म्हणाली, "हो. पण हे घर बाबांनी पसंत केलं होतं. सगळ्यात आधी बाबांनी."

"मंग लिधं का नही?" कमलबाई सहज म्हणाल्या. काही टोचून नाही.

का घेतलं नाही याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. बाजार, व्याजदर, चौतीस. बाहेर जाऊन पाच मिनिटांत समजावून सांगितलं असतं. पण मला बाहेर जाता आलं नाही. लाज वाटली. एवढं साधं कारण लिहायला मला आज अर्धा तास लागला.

हेमलता खापराशी एकटीच होती. तिला सांगितलं की हे घर मला पहिल्याच रविवारी आवडलं होतं, फार आवडलं होतं. जगदीशला कळू नये म्हणून तुलाही कळू दिलं नाही.

तिने पोळी उलटली. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. जगदीशलाही."