अप्पांचा पांढरा सनमायका

अप्पा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही बसवलेला पांढरा सनमायका गेल्या आठवड्यात मी काढला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या कानावर घातल्याशिवाय बरं वाटेना.

तुम्ही तो आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. टेबल सागवानी, आजोबांच्या हातचं. पण फळ्यांच्या फटींत ज्वारीचं पीठ जाऊन बसायचं आणि आई, आपली अव्वा, ते सुईनं कोरत राहायची. ते तुम्ही पाहिलं असणार. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही परस्पर बाजारात गेलात आणि ती भलीमोठी शीट सायकलला बांधून निघालात. वारा असा सुटला होता की सायकलीसकट तुम्हाला आडवं करायला लागला. शेवटी उतरून सगळी वाट चालत आलात. दारात शीट उभी आहे, खाली फक्त तुमचे पाय दिसतायत आणि मागून आवाज येतोय, "अरे, धरा की कुणीतरी!" सगळी गल्ली हसतेय. मग तुम्ही स्वतः डिंक पसरता, वर पाटा आणि भरलेल्या घागरी ठेवता. मी नुसतं बोट लावलं तर खेकसलात, "हात काढ!" घागरी उतरेपर्यंत आम्ही खाली बसून जेवलो. अव्वानं पहिल्याच दिवशी त्यावर कारखान्यातला टॉवेल अंथरला आणि वर परात ठेवली. "बघ, कशी जपते," असं तुम्ही येईल त्याला सांगत राहिलात, अगदी शेवटपर्यंत.

आता त्याचे कोपरे उचकटले होते. काढावासा वाटायचा, पण तुमची आठवण म्हणून अव्वाजवळ विषय काढायचा धीर होत नव्हता. गेल्या आठवड्यात तुटकी कड तिच्या मनगटाला लागली, रक्त आलं. पट्टी बांधता बांधता मी भीत भीत विचारलं, "अव्वा, काढू का हे?"

"काढ की. कवापास्नं वाट बघायलीय मी."

मी म्हटलं, "अगं, टॉवेल घालून जपायचीस ना तू?"

"जपत न्हवते रे. त्याच्यावर परात लई घसरायची. भाकरी थापायला घेतली की पळायची भिंतीकडं."

बायको हसता हसता खालीच बसली. मी म्हटलं, "मग अप्पांना कधी बोलली नाहीस?"

अव्वानं पट्टीचं टोक आत खोचलं. "एवढ्या वाऱ्यातनं चालत आणला त्यानी," म्हणाली. "कसं बोलायचं?"

मग मी आणि बायको कामाला लागलो. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची, डिंक मऊ झाला की पुट्टी लावायची पत्र्याची पातळ पट्टी आत सारायची. कडा सहज सुटल्या, पण मधे तुम्ही असा घट्ट बसवला होता की हलेना. मी घाई करून ओढला, तर सागवानाची एक ढलपी निघून आली. "तापू द्या की जरा," बायको म्हणाली, "इस्त्री हाय, कुस्ती न्हाय." संध्याकाळ व्हायच्या आत शेवटचा तुकडा निघाला. खाली वाळलेला डिंक होता आणि त्यात तुमचा हात गोल गोल फिरलेला स्पष्ट दिसत होता. मी खरवडायला घेणार, तेवढ्यात अव्वा उठून आली. त्या गोलांवरून तिनं बोटं फिरवली, एकदा, परत एकदा. "डिंक मात्र भरपूर घातलावता," म्हणाली, आणि बाजूला झाली.

खरवडलं, घासलं. फटी आणि ढलपीची जागा लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून बुजवली. जवसाचं तेल पाजलं तसा सागवानाचा रंग मधासारखा उघडला. काल अव्वानं त्यावर नुसती परात ठेवून भाकरी थापली. हल्ली तिचा हात थरथरतो, भाकरी वाकडीच झाली, पण ती खुशीत होती. गरम भाकरीवर शेंगाचटणी घालून पहिला तुकडा तिनं मला दिला.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. उन्हाळ्याच्या दुपारी अभ्यास करता करता मी त्या सनमायकावर गाल टेकायचो. फार गार लागायचं. मला तो आवडायचा, अप्पा. घरात कुणाला बोललो नाही.